रिपोर्टात शून्य आणि घरात दोन तट

मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) झाली, काही दिवसांनी दवाखान्यातून फोन आला, "परत या, आणखी फोटो काढायचे आहेत." म्हणजे कॅन्सर निघाला का? माझ्याकडे येणाऱ्या बायकांचा हा नेहमीचा प्रश्न. मशीन किती दुखवतं ते त्या चारचौघींत विचारतात. हा प्रश्न मात्र दार लोटून घेतल्यावरच येतो.

मालवण तालुक्यातल्या एका काकूंचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय 49, पाळी मागेपुढे होत असलेली, छातीत गाठ नाही, माहेरी-सासरी कुणाला हा आजार नाही. बचतगटातल्या बायकांबरोबर तपासणीला आल्या आणि करून गेल्या. फोन आला तो मुंबईच्या मुलाच्या नंबरवर, कारण फॉर्मवर त्याचाच नंबर होता. (बायांनो, फॉर्मवर स्वतःचा नंबर लिहा. निरोप तिसऱ्याच्या तोंडून आला की त्याचं काय होतं ते रोज बघते.)

मुलाने व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट मागवला. त्यावर 'बाय-रॅड्स ०'. (बाय-रॅड्स म्हणजे मॅमोग्राफीचा निकाल आकड्यात लिहायची पद्धत.) तो म्हणाला, "शून्य म्हणजे काय नाय गो आये, उगाच पैसे काढतत." जाऊबाईंचं मत उलटं, "परत बोलावल्यानी म्हणजे काय ता समज." यजमानांचा निकाल तिसराच. श्रावण चालू होता, ते म्हणाले, चवथ होऊ दे, मग बघू. काकू माझ्यासमोर बसल्या तेव्हा रिपोर्टाची घडी करून करून कागद मधोमध फाटायला आला होता. म्हणाल्या, "बाय, खरा सांग. माका काय झाला हा?"

मी आधी त्यांनी काय काय ऐकलंय ते सगळं बोलू दिलं. मग शून्यावर आले. मुलगाही चुकला होता आणि जाऊबाईही. बाय-रॅड्सच्या पद्धतीत 1 म्हणजे काही आढळलं नाही, 2 म्हणजे आढळलं ते निरुपद्रवी. 3 ला बहुधा सहा महिन्यांनी पुन्हा बघतात, 4 आणि 5 ला सुईने तुकडा काढून तपासावा लागतो. शून्याचा अर्थ एवढाच, की आहे त्या फोटोंवरून डॉक्टरांना निर्णय देता येत नाही. तपासणी अर्धी राहिली आहे, ती पुरी करायची. त्यामुळे शून्य बघून निर्धास्त राहणं हे मला घाबरण्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. घाबरलेली बाई निदान परत तरी येते.

अर्धी का राहते? मॅमोग्राम म्हणजे एक्स-रे. स्तनातल्या नेहमीच्याच ऊती एकीवर एक आल्या, की फोटोत पांढरा ठिपका दिसतो. घडी घातलेल्या लुगड्यावर डाग दिसावा आणि घडी मोडली की ती नुसती सावली निघावी, तसं बरेचदा होतं. पहिल्याच मॅमोग्रामला असं बोलावणं जास्त येतं, कारण ताडून बघायला जुना फोटो नसतो. पाळी पुरती गेलेली नसली तर स्तन बहुधा दाट असतात, म्हणजे फोटोत जास्त पांढरे दिसतात, तेही एक कारण. अमेरिकन कॅन्सर सोसायटी सांगते, की परत बोलावलेल्या बायकांपैकी दहांत एकीपेक्षाही कमी जणींना कॅन्सर निघतो. हा आकडा तिकडचा, पण बोलावणं म्हणजे निदान नव्हे हे इकडेही तितकंच खरं.

काकूंना आकड्यांत फार रस नव्हता. त्यांचा पुढचा प्रश्न, "परत तसाच दाबतले?"

होय, दाबतात. पहिल्या वेळी प्रत्येक बाजूचे दोन, असे चार फोटो निघतात. एक वरून, एक तिरका. तिरक्याला हात वर करून दांडी धरायची असते. ज्यांचा खांदा आखडलेला आहे त्यांनी तिथल्या बाईंना आधीच सांगावं. स्तन खालच्या पाटीवर ठेवतात, वरून पारदर्शक प्लास्टिकची पाटी येते आणि दाबते. कळ येते, काहींना बरीच येते, "काही होत नाही" असं मी कुणाला सांगत नाही. पण दाब काही सेकंदांचा. श्वास रोखा म्हणतात, फोटो निघतो, पाटी सैल होते. दाबामुळे फोटो स्वच्छ येतो आणि किरणंही कमी लागतात. दाबल्याने गाठ फुटून पसरते हे खरं नाही. किरणांचं म्हणाल, तर दोन्ही बाजूंचे मिळून साधारण 0.4 मिलिसिव्हर्ट, म्हणजे जमिनीतून-आभाळातून आपल्याला सुमारे सात आठवड्यांत आपोआप मिळतात तेवढी. दिवस गेल्याची शंका असेल तर मात्र आधी सांगायचं.

पाळी चालू असेल तर ती संपल्यानंतरच्या आठवड्यात जावं, तेव्हा दुखरेपणा कमी असतो. आणि पावडर! आपल्या दमट हवेत आंघोळ झाली की काखेत, छातीखाली पावडर थापायची सवय सगळ्यांना. तिचे कण, घामोळ्यांवरचं मलम, डिओ, हे फोटोत पांढऱ्या बारीक ठिपक्यांसारखे दिसू शकतात आणि मग उगाच शंका. त्या दिवशी काही लावायचं नाही. साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून यावं. मॅक्सी घालून आलात तर ती अख्खी उतरवावी लागते. गळ्यातलं काढावं लागतं. पहिल्या वेळी मंगळसूत्र काढताना काकूंचा जीव खालीवर झाला होता. या खेपेला ते जाऊबाईंच्या मुठीत होतं, कारण धाक घालणारी जाऊच सोबत आली होती.

चतुर्थीची वाट बघायची का, यावर यजमानांशी फोनवर बोलले. आठ-पंधरा दिवसांनी सहसा आकाश कोसळत नाही, पण ही बाई मनात हे घेऊन एकवीस मोदक वळणार, त्यापेक्षा आधी करून टाका, एवढंच म्हटलं. ते मानले.

दुसऱ्या खेपेला संशयाच्या तेवढ्याच जागेवर लहान पाटीने दाबून फोटो घेतला. मग सोनोग्राफी. तिथे दाब नाही, गार जेली आणि वरून फिरणारं यंत्र. पडद्यावर गुळगुळीत कडेचे दोन काळे गोल दिसले. पाण्याच्या साध्या गाठी. पाळी जाण्याच्या वयात त्या खूप जणींना असतात, दुखत नसतील तर काही करावं लागत नाही. अंतिम रिपोर्टात 2 आला. "दोन म्हणजे शून्यापेक्षा वायट मां?" असं काकूंनी विचारलंच, आणि जाऊबाईंनी मी तोंड उघडण्याआधी त्यांना नीट समजावलं.

एक मात्र सगळ्यांना सांगते. हे सगळं तक्रार नसताना करायच्या तपासणीबद्दल. गाठ हाताला लागते, बोंडातून रक्त येतं, बोंड नव्याने आत ओढलं गेलंय, कातडीला संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडलेत, असं काही असेल तर शिबिराची वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं. मागचा मॅमोग्राम चांगला आला असला तरीही, कारण काही गाठी त्यात दिसत नाहीत. आणि सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बायकांची हाताने तपासणी होते, तीही टाळू नका. मॅमोग्राम कधीपासून आणि किती वर्षांनी, ते वय आणि घराण्यातला आजार बघून डॉक्टर ठरवतील.

काकूंना निघताना फिल्म नीट ठेवायला सांगितलं. आपल्याकडे पावसाळ्यात फिल्म एकमेकींना चिकटतात, बुरशी धरते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून उभ्या ठेवा, सीडी मिळत असेल तर मागून घ्या, आणि पुढच्या वेळी दोन्ही खेपांचे फोटो बरोबर आणा.