जर्मन येत नव्हती तेव्हा खूश होता, आता राग राग करतो

"मॅडम, पोरगं तिकडं जाऊन कडू झालंय. ही माणसं आपली कधीच होणार नाहीत, असंच म्हणतंय. परत बोलावून घेऊ का?"

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका आईचा हा प्रश्न (तपशील बदलले आहेत). मुलगा जर्मनीत इंजिनिअर, पगार चांगला. भाषा येत नव्हती तेव्हा त्याला तिथलं सगळं आवडायचं. जर्मन उत्तम बोलायला लागला आणि राग सुरू झाला. हे कोडं घेऊन इथले बरेच पालक माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात.

नेदरलँड्समधल्या अभ्यासकांना स्थलांतरितांमध्ये हेच दिसलं आहे: जास्त शिकलेली, समाजात मिसळलेली माणसंच कधी कधी तिथल्या बहुसंख्याकांपासून मनानं दूर जातात. भाषा कळली की टोमणेही कळतात. शिवाय आपल्याला बरोबरीनं वागवतील, ही अपेक्षा त्यांनीच जास्त धरलेली असते. म्हणून या रागाला कृतघ्नपणा म्हणू नका.

मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलले. एका घरमालकानं त्याला भाड्याचं घर बघायला बोलावलं होतं, पण नाव ऐकल्यावर "घर गेलं" असं उत्तर आलं. त्यानंतर तो फक्त भारतीय मित्रांत राहू लागला. त्यात गैर काहीच नाही, अपमान सोसायला आपल्या माणसांचा आधार लागतोच. मी विचारलं, "शेवटी घर मिळालं तेव्हा सामान कुणी हलवलं?" ऑफिसातल्या एका जर्मन सहकाऱ्यानं. "पण तो वेगळा आहे हो." चांगला वागला तो अपवाद आणि वाईट वागला तो मात्र सगळ्या जर्मनांसारखा, असा हिशेब त्याच्या मनात बसला होता. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो.

मुलाची आई, म्हणजे या ताई, यांच्या सासरी घरात तेलुगू. आजेसासरे तेलंगणातून विणकामासाठी इथं आले. "ते मराठी माणसांबद्दल काय म्हणायचे?" ताई हसल्या. "शिव्याच घालायचे की! मिलच्या युनियनमध्ये गेल्यावर निवळले." नुसत्या शेजारानं ते झालं नव्हतं. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं 1954 मध्ये हेच मांडलं: दर्जा बरोबरीचा, काम एकत्र आणि ध्येय एक असेल, तर पूर्वग्रह विरघळतात.

मुलाला दोन गोष्टी सुचवल्या. घर नाकारणं ही खरी तक्रार आहे, ती तक्रारीच्या जागी न्यायची. जर्मनीत 2006 पासून भेदभावविरोधी कायदा आहे, मात्र हक्क सांगायला साधारण दोन महिन्यांचीच मुदत असते. त्याची मुदत टळली होती. आता तो असे ईमेल जपून ठेवतो. दुसरं, गावातल्या क्लबात खेळायला जाणं. तिथं तो टेबल टेनिसच्या संघात आहे.

आईवडिलांना मी सांगितलं, "दुर्लक्ष कर" म्हणू नका आणि "परत ये" असंही म्हणू नका. काय झालं, कोण काय बोललं, एवढं नीट विचारा. त्या घरमालकावरचा त्याचा राग अजून आहे, आणि तो असायला माझी काही हरकत नाही. परत यायचं की नाही, ते तो नोकरीचा करार संपताना ठरवणार आहे.