गिटार राहू दे, आधी त्या रविवारबद्दल बोला

प्रश्न : ताई, मी २२ वर्षांचा आहे. हिंगणा एमआयडीसीत कामाला होतो, संध्याकाळी मित्रांच्या बँडमध्ये हेवी मेटल वाजवायचो. चार महिन्यांपूर्वी एका रविवारी मला प्रॅक्टिसला जायचं होतं. आई म्हणाली, ओव्हरटाइमचे पैसे मिळतात तर जा. तिथे दुसऱ्याच्या प्रेस मशीनवर उभं केलं, हात वाचवणारा गार्ड काढलेला होता. डाव्या हाताच्या अनामिकेचं वरचं पेर गेलं. आता पॉवर कॉर्ड (मेटलमध्ये दोन-तीन तारा एकत्र दाबून वाजवतात तो) धरता येत नाही. गिटार दिसली की आई चिडते. ‘कायले ठेवतं ते घरात? इकून टाक,’ म्हणते. विकू का?
— एक वाचक, नागपूर

बाळा, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या रविवारपाशी थांबले.

तू मेटल वाजवतोस, म्हणजे ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी तुला मी सांगायला नको. पण त्याच्या अपघाताचा दिवस आठवून बघ. १९६५ साल, बर्मिंगहॅममधला पत्र्याचा कारखाना, पोरगा १७ वर्षांचा. नोकरी सोडली होती, तो शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला आणि म्हणाला, आता परत जात नाही. आईने सांगितलं, दिवस पुरा करून ये. गेला. ज्या मशीनवर कधी काम केलं नव्हतं त्यावर त्याला बसवलं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच.

त्या माउलीनेही तुझ्या आईसारखंच साधं, रोजचं वाक्य उच्चारलं होतं. कामावर जा, हे कोणती आई सांगत नाही? तुझ्या आईला गिटारचा राग नाही रे. ती गिटार दिसली की तिला तो रविवार दिसतो, आणि ‘मीच पाठवलं’ हे तिच्या तोंडून निघत नाही. तू ते तिच्याऐवजी बोल. रात्री जेवणं झाल्यावर तिच्याजवळ बस आणि सांग, ‘आई, गार्ड नव्हता. तुझ्यामुळे नाही झालं.’ एकदा सांगून पटणार नाही. पुन्हा सांग.

आता हात. आयोमीला डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं होतं. त्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाची रेकॉर्ड ऐकवली. १९२८ मध्ये आगीत भाजून जँगोची डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली होती, तरी तो वाजवत राहिला. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं. तार बोटाला जाणवेना, म्हणून कानावर विसंबला. जाड तारा दाबवेनात, तर बँजोच्या पातळ तारा लावल्या. १९७१ च्या सुमारास गिटार दीड सूर खाली उतरवली. तारा सैल पडल्या की बोटांना सोपं जातं, हे त्यामागचं एक कारण. तुम्ही पोरं ज्या जड, खोल आवाजासाठी जीव टाकता, त्यात त्या तुटक्या बोटांचा वाटा आहे.

तुझं तर एकच पेर गेलंय. तारांचा नऊचा सेट असेल तर त्याहून पातळ, आठचा लाव. पॉवर कॉर्डला अनामिकेच्या जागी करंगळी घे. सुरुवातीला ती थकेल, दहा मिनिटांवर थांब. सगळ्यात खालच्या सुराची तार आणखी एक सूर उतरवून ड्रॉप ट्यूनिंग केलंस तर तोच कॉर्ड एका बोटाने आडवा दाबून वाजतो. कितीतरी मेटल बँड मुद्दाम असंच वाजवतात. टोक अजून हुळहुळं असेल तर तार दाबायची घाई नको. मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाच्या) ऑक्युपेशनल थेरपी विभागात जाऊन हात दाखव, आणि गिटार वाजवतो हे न लाजता सांग.

मेटलवर नागपुरात घर चालेल असं मी म्हणणार नाही. काम दुसरं शोध, वाजवणं सोडू नकोस. वर्षभर तरी गिटार विकायची नाही. दुःख ताजं असताना विकलेली वस्तू फार कमी पैशात जाते आणि फार दिवस आठवते.

एक गोष्ट मात्र याच आठवड्यात कर. तुझा ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचा विमा असेल तर कायमच्या अपंगत्वाच्या लाभासाठी अर्ज कर. मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती घटली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते, दुसरं काम करत असलास तरी. विमा नसेल तर मालकाकडून नुकसानभरपाईसाठी कायद्याने दावा करता येतो, अपघातापासून दोन वर्षांच्या आत. अपघाताच्या अहवालाची प्रत माग. गार्ड काढलेला होता हे त्यात नसेल, तर तुझ्या अर्जात स्वच्छ लिही. अर्ज द्यायला जाशील तेव्हा आईला सोबत ने, आणि खिडकीवर देण्याआधी तो कागद तिला वाचून दाखव.