दिराला शिक्षा व्हावी अशी प्रार्थना करावी का?

मेलबर्नहून एका ताईंचं पत्र आलंय. कुटुंब मूळचं नगरकडचं, ख्रिस्ती. वडिलोपार्जित घर आणि जमीन धाकट्या दिराने परस्पर स्वतःच्या नावावर करून घेतली. घरावर स्लॅब टाकला तो यांनी मेलबर्नहून पाठवलेल्या पैशांतून. ताई लिहितात, "रोज झोपण्याआधी देवाकडे एकच मागते, त्याला आयुष्यभराची अद्दल घडव. परवा मुलीने विचारलं, काकांचं वाईट झालं की देवाने आपलं ऐकलं असं समजायचं का?"

ताई, तुमचा राग खरा आहे आणि तो देवापुढे नेलात यात काही चुकलं नाही. स्तोत्रसंहितेत असा राग ठिकठिकाणी आहे. १०९ वं स्तोत्र तर वाचवत नाही. शत्रूची मुलं पोरकी होवोत, बायको विधवा होवो, इथपर्यंत मागणं जातं. देवापुढे मन मोकळं करायला बंदी नाही, एवढं त्यावरून नक्की कळतं. पण तेच शब्द एकदा दिराचं नाव घालून म्हणून पाहा. पोरकी होणारी ती मुलं म्हणजे तुमच्या मुलीची चुलत भावंडं. आणि सासूबाई त्याच घरात राहतात, असं तुम्हीच लिहिलंय. त्या घरावर जे कोसळेल, ते त्यांनाही सोडणार नाही.

येशूच्या शिष्यांनीही हेच मागितलं होतं. शोमरोन्यांच्या एका गावाने येशूला उतरू दिलं नाही, तेव्हा याकोब आणि योहान आकाशातून अग्नी पाडायला निघाले. लूकच्या नवव्या अध्यायात ही हकिगत आहे. येशूने वळून या दोघांनाच धमकावलं आणि सगळे दुसऱ्या गावी गेले. ते दुसऱ्या गावी जाणं मला फार मोलाचं वाटतं. अपमान झाला होता, पण त्यापायी वाट अडली नाही.

"जाऊ दे, एवढं काय त्यात," असं मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. मत्तय १८ मधल्या दृष्टान्तात एका चाकराचं दुसऱ्याकडे शंभर दिनार येणं असतं. एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. शंभर दिवसांची कमाई ही थोडीथोडकी रक्कम नव्हे, आणि येशूही तिला क्षुल्लक म्हणत नाही. तो फक्त त्या चाकराला राजाने स्वतः माफ केलेल्या दहा हजार तालांतांची, म्हणजे याहून कित्येक पटींनी मोठ्या कर्जाची, आठवण करून देतो. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" हे आपण दर रविवारी म्हणतो, ते हेच.

माफ केलं म्हणजे हक्क सोडला, असं तुम्हाला वाटत असेल तर ग्लॅडिस स्टेन्स आठवा. त्यांचे पती ग्रॅहॅम तुमच्याच ऑस्ट्रेलियातले मिशनरी. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला जमावाने त्यांना आणि फिलिप व टिमोथी या दोन लहान मुलांना गाडीत जिवंत जाळलं. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना जाहीरपणे क्षमा केली, आणि त्यानंतरही काही वर्षं बारीपाद्यात कुष्ठरुग्णांची सेवा करत राहिल्या. खटला मात्र त्याच्या वाटेने चालला. मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली.

तेव्हा तुम्हीही दोन्ही करा. नगरला चांगला वकील गाठा, सातबारा आणि फेरफाराच्या नकला काढा. कुणाला मुखत्यारपत्र द्यायचं तर ते मेलबर्नच्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये साक्षांकित करून पाठवा. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, ती मुदत चुकवू नका. निवाडा कोर्ट करेल, आणि त्यापुढचा देव. "सूड घेणे माझ्याकडे आहे" असं रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात त्यानेच सांगून ठेवलंय.

रात्रीच्या प्रार्थनेत दिराचं नाव राहू द्या. "प्रभू, त्याने आमचं घेतलं, मला फार लागलंय. त्याला सुबुद्धी दे, त्याची मुलं सुखात ठेव," एवढंच म्हणा. सुरुवातीला मन साथ देणार नाही, तरी म्हणा. मुलीला ते ऐकू द्या. काकांचं वाईट व्हावं असं मीही मागत होते, आता मागत नाही, हे तिला सरळ सांगा.

नाताळला सासूबाईंना फोन कराल तेव्हा दिराशीही बोला. जमिनीचा विषय त्या फोनवर काढू नका, त्यासाठी वकील आहे.