मेहुण्यांची पॉलिसी घेतली तर कर वाचेल का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ३८, खासगी कंपनीत नोकरी. वर्षाचा एकूण पगार १८ लाख, त्यात मूळ पगार ९ लाख. पत्नी नोकरी करत नाही, मुलगी सात वर्षांची, आई सोबत असते. घर भाड्याचं, महिना २२ हजार. एप्रिलमध्ये कंपनीला जुनी करप्रणाली कळवली होती, आता पुरावे मागितले आहेत. मोठे मेहुणे विमा एजंट आहेत. ते म्हणतात, "वर्षाला लाखाची पॉलिसी घे, ३१ हजार कर वाचेल." हप्ते १२ वर्षं, विसाव्या वर्षी अंदाजे २४ लाख, विमा संरक्षण १० लाख. ऑफिसातले काही जण देणगीच्या पावत्या आणून देतात. ५० लाखांचं गृहकर्ज काढून व्याजाची वजावट घ्यावी, असंही मनात आहे.

नमस्कार,

पॉलिसी, पावती, कर्ज या तिन्ही गोष्टी एकाच समजुतीवर उभ्या आहेत: जुन्या प्रणालीत राहायचं आणि वजावटी वाढवत न्यायच्या. आधी ती समजूतच तपासू. तुम्ही आकडे नीट लिहून पाठवलेत, त्याबद्दल आभार. निम्मी पत्रं "पगार चांगला आहे" एवढंच सांगून थांबतात.

आर्थिक वर्ष २०२५-२६ चा हिशोब. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट ५० हजार आणि व्यवसाय कर अडीच हजार. घरभाडे भत्त्याची सूट म्हणजे दिलेल्या भाड्यातून मूळ पगाराचे दहा टक्के वजा: २,६४,००० उणे ९०,०००, म्हणजे १,७४,०००. (तीन आकड्यांतला सर्वांत लहान धरतात. तुमच्या बाबतीत तो हाच.) ८०सीखाली (ठरावीक गुंतवणूक आणि खर्चांच्या वजावटीचं कलम) तुमचा पीएफ १,०८,००० आणि मुलीची शिकवणी फी ३०,०००, मिळून १,३८,०००. आरोग्य विम्याचे हप्ते तुमचे २२ हजार आणि आईंचे ३८ हजार, मिळून ६०,०००. एकूण वजावट ४,२४,५००, करपात्र उत्पन्न १३,७५,५००, आणि उपकर धरून कर २,३४,१५६ रुपये.

नव्या प्रणालीत तुम्हाला आज लागू होणारी वजावट एकच, प्रमाणित ७५ हजारांची. करपात्र उत्पन्न १७,२५,०००. पहिले चार लाख मोकळे, पुढच्या चार लाखांवर ५ टक्के, मग १०, मग १५, आणि १६ लाखांवरच्या सव्वा लाखावर २० टक्के. उपकरासह कर १,५०,८००.

म्हणजे आज, एक रुपयाही कुठे न गुंतवता, नवी प्रणाली तुम्हाला ८३ हजारांहून अधिक स्वस्त पडते.

आता मेहुण्यांचे ३१ हजार. तो आकडा त्यांनी हवेतून काढलेला नाही. जुन्या प्रणालीत ३० टक्क्यांच्या टप्प्यात एक लाखाची वजावट उपकरासह ३१,२०० रुपये वाचवते. पण ८०सीची मर्यादा दीड लाख, आणि तुमचे १,३८,००० आधीच भरलेले. जागा उरली १२ हजारांची. लाखाच्या हप्त्यातले ८८ हजार कराच्या दृष्टीने वाया, वाचणार फक्त ३,७४४ रुपये. तेही जुन्या प्रणालीत राहिलात तर, आणि तिथे राहण्यासाठी तुम्ही ८३ हजार जास्त मोजताय. नव्या प्रणालीत ८०सीच नाही, तिथे बचत शून्य.

करापलीकडे पॉलिसी म्हणून ती कशी आहे? बारा वर्षं लाख-लाख भरून विसाव्या वर्षाच्या अखेरीस २४ लाख, म्हणजे वर्षाला साधारण ४.८ टक्के परतावा. तोही "अंदाजे", म्हणजे त्यातला बोनसचा भाग हमीचा नाही. तेच हप्ते पीपीएफमध्ये (सरकारी भविष्य निर्वाह निधी खात्यात) भरले आणि सध्याचा ७.१ टक्के दर टिकला, तर त्याच वेळी सुमारे ३३ लाख होतील. दर सरकार तिमाहीला ठरवतं, तेव्हा हा आकडाही दगडावरची रेघ नव्हे. पण पीपीएफचं व्याज दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे. मुलगी दहा वर्षांच्या आतली असल्याने तिच्या नावाने सुकन्या समृद्धी खातंही उघडता येईल. तिथे सध्या ८.२ टक्के मिळतात आणि मुदत खातं उघडल्यापासून २१ वर्षं, तुमच्या वीस वर्षांशी जवळपास जुळणारी.

आणि संरक्षण? दहा लाख. तुमचा सात महिन्यांचा पगारही होत नाही. तुमच्या पश्चात तिघी जणी तेवढ्यावर किती दिवस काढतील, हे कागदावर मांडून बघा. पत्रात दुसऱ्या कोणत्याही आयुर्विम्याचा उल्लेख नाही, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. करापेक्षाही.

पहिल्या नोकरीत मीही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अशीच एक पॉलिसी घेतली होती. अर्ज एजंटनेच भरला, मी सह्या केल्या. पाच वर्षांनी बंद केली तेव्हा भरलेल्यापेक्षा कमी हातात आलं. म्हणून या विषयावर माझा सूर जरा तिखट लागतो, तेवढं सांभाळून घ्या.

गृहकर्जाकडे वळू. ५० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर पहिल्या वर्षाचं व्याजच चार लाखांवर जातं. राहत्या घरासाठी जुन्या प्रणालीत वजावट मिळते जास्तीत जास्त दोन लाखांची. मुद्दल ८०सीत धरतात, पण ती मर्यादा तर जवळजवळ भरलीच आहे. शिवाय स्वतःच्या घरात गेलात की घरभाडे भत्त्याची १,७४,००० ची सूट गेली. एका हाताने दोन लाख घेतले, दुसऱ्याने पावणेदोन परत केले. मी मुद्दाम सगळं जोडून पाहिलं: ८०सी पूर्ण भरलं, वर एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजनेचे) स्वतःचे ५० हजार टाकले, व्याजाचे दोन लाख घेतले, भाड्याची सूट सोडली. तरी जुन्या प्रणालीत कर २,०६,७०० येतो, नव्यापेक्षा जवळपास ५६ हजार जास्त. तुमच्या पगाराला जुनी प्रणाली परवडायला एकूण वजावटी ६,९२,००० च्या आसपास लागतील आणि तुम्ही सव्वाचार लाखांवर आहात. राहायला हवं म्हणून घर घ्यायचं असेल तर जरूर घ्या. तो हिशोब हप्ता, भाडं, नोकरीचं ठिकाण यांचा आहे. करबचतीचा रकाना त्यात कोराच ठेवा, कारण नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही.

देणगीच्या पावत्यांना हात लावू नका. पैसे द्यायचे, थोडे टक्के कापून रोख परत घ्यायचे आणि पूर्ण रकमेची वजावट मागायची, हा प्रकार आयकर विभागाला चांगला ठाऊक आहे. जुलै २०२५ मध्ये अशा खोट्या वजावटींवर देशभर पडताळणीची कारवाई झाली. पकडलं गेलं तर चुकवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड, वर व्याज. सहकारी "काही होत नाही" म्हणतील, पण नोटीस तुमच्या पॅनवर येईल.

मग खरोखर काही वाचवता येईल का? एक दार उघडं आहे, आणि आश्चर्य म्हणजे त्याबद्दल तुम्हाला कुणीच सांगितलेलं नाही. (त्यात एजंटला काही मिळत नाही, हे कारण असावं.) कंपनी तुमच्या वतीने एनपीएसमध्ये भरते ती रक्कम, मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत, नव्या प्रणालीतही वजा होते: कलम ८०सीसीडी(२). तुमच्यासाठी ती मर्यादा १,२६,०००. एकूण पगार तोच ठेवून त्यातला एवढा भाग कंपनीने एनपीएसकडे वळवला, तर पूर्ण वर्षाला २६,१५६ रुपये कर कमी होतो. मात्र हातात येणारा पगार महिन्याला साडेदहा हजारांनी घटेल, त्यातले करामुळे दोन हजारांवर परत मिळतील. पैसा निवृत्तीपर्यंत अडकतो, मधे सहज काढता येत नाही, आणि शेवटी काही भागाचं पेन्शन घ्यावंच लागतं, ज्यावर कर लागतो. तुमच्या जागी मी असते तर आधी विमा आणि सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक उभी केली असती आणि एप्रिलपासून हे सुरू केलं असतं, तेही कदाचित निम्म्या रकमेने. कंपनीत ही सोय आहे का, ते एचआरला विचारा.

आता पुरावे मागितलेत त्याचं काय? बऱ्याच कंपन्या वर्षाच्या मधे प्रणाली बदलू देत नाहीत. पण कंपनीला कळवलेली निवड फक्त टीडीएस (पगारातून आधीच कापला जाणारा कर) कापण्यापुरती असते. खरी निवड विवरणपत्र भरताना होते, आणि पगारदार माणूस ती दरवर्षी बदलू शकतो. तेव्हा भाडेपावत्या, शाळेची फी, आरोग्य विमा, जे खरं आहे त्याचे पुरावे द्याच. नाही दिलेत तर उरलेल्या महिन्यांत जबर टीडीएस कापला जाईल आणि घरखर्चाची ओढाताण होईल. मग विवरणपत्र नव्या प्रणालीने भरा. टीडीएस ही वजावट नव्हे, ते तुमच्या नावावर आधीच जमा झालेले पैसे आहेत. वजावटीतून टप्प्याच्या दराइतकेच टक्के वाचतात, टीडीएसचा मात्र रुपयाला रुपया वळता होतो. म्हणून कापला गेलेला जास्तीचा ८३ हजारांचा कर परतावा म्हणून खात्यात येईल.

विवरणपत्र भरण्याआधी फॉर्म २६एएस आणि एआयएस (तुमच्या नावावरचा कर आणि उत्पन्न दाखवणारी आयकर विभागाची पत्रकं) उघडून कापलेला कर तिथे दिसतो ना, ते पाहा. मुदत ठेवींवर व्याज असेल तर तेही मिळवा. बँक दहा टक्के कापते आणि तुमचा टप्पा नव्या प्रणालीत वीसचा आहे, तेव्हा फरक भरावा लागेल. जुन्या प्रणालीत त्याच व्याजावर तीस टक्के लागले असते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. "८०सी गेलं" असं कुणी म्हणालं तर घाबरू नका.

राहिले मेहुणे. खरं सांगायचं तर पत्रातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे, आणि त्याला माझ्याकडे कोष्टक नाही. एक सुचवते. नकार देण्याऐवजी त्यांच्याकडेच निव्वळ मुदत विमा मागा, दीड ते दोन कोटींचा, साठीपर्यंतचा. त्यात शेवटी काही परत मिळत नाही, म्हणूनच हप्ता इतका कमी असतो. कमिशनही बेताचंच, थोडे हिरमुसतील. पण उद्या दाव्याची वेळ आली तर धावपळ करायला घरातलं माणूस असेल. प्रस्तावात आजार, तंबाखू, जे असेल ते खरं लिहा, फॉर्म स्वतःच्या हाताने भरा, आणि त्यांनी कितीही सांगितलं तरी कोऱ्या जागेखाली सही करू नका.