ईएनटी ओटीतले चाकू: सुरुवातीला एवढंच बघा

सोलापुरात ईएनटीच्या (कान-नाक-घसा) ओटीला, म्हणजे ऑपरेशन थिएटरला, नव्याने लागताय, तर सगळ्या सेटची नावं पाठ करत बसू नका. चार ओळखा: कानाच्या पडद्याला छेद देणारा मायरिंगोटोमी नाइफ, विळ्याच्या आकाराचा सिकल, गोल पात्याचा रोझेन आणि नाकाच्या पडद्याचा फ्रीअर.

सुटी ब्लेडं सोपी आहेत. ११, १२, १५ नंबर ३ नंबरच्या हँडलवर बसतात. लावताना-काढताना बोटं नकोत, नीडल होल्डर (सुई धरायचा चिमटा) घ्या.

नवखे चुकतात ते धुण्यात.

- कानाचे चाकू बाकीच्या ढिगात टाकले की टोक वाकतं. नुसत्या डोळ्यांना कळत नाही, पण मायक्रोस्कोपखाली त्वचा कापण्याऐवजी फाटते. वेगळा ट्रे आणि टोकांना सिलिकॉनची टोपी हवीच.
- सलाईनमध्ये भिजवू नका. क्लोराइडमुळे स्टीलला बारीक खड्डे पडतात. रक्त वाळू देणंही तितकंच वाईट.
- बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे डाग राहतात. शेवटी डिस्टिल्ड पाण्यानेच धुवा.

ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनमध्ये) चाकू कोरडे करूनच ठेवा. साध्या, व्हॅक्यूम नसलेल्या मशीनमध्ये गुंडाळलेल्या ट्रेला १२१ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं लागतात, आणि ती तापमान गाठल्यावर मोजायची.

धार लावायचं सध्या डोक्यातून काढा. बोथट वाटला की बाजूला ठेवा, सिस्टरना सांगा.