‘अपूर संसार’ची दुरुस्त केलेली डिस्क मागवावी का?

आपण परभणीहून विचारले आहे की, सत्यजित राय यांच्या ‘अपूर संसार’ची रिस्टोर केलेली डिस्क अमेरिकेतून मागवण्याइतकी खरोखर वेगळी आहे का, की इंटरनेटवर फुकट सापडणारी प्रत घरी पाहायला पुरेशी आहे. माझे मत असे की आपल्याकडे ४के डिस्क (साध्या ब्लू-रेपेक्षा अधिक बारकाव्याचे चित्र देणारी) चालवणारा प्लेअर असेल तर ती जरूर मागवावी. साधा, भारतात घेतलेला ब्लू-रे प्लेअर असेल तर मागवू नये. दुसऱ्या भागाचे कारण निव्वळ तांत्रिक आहे आणि ते पुढे सांगतो. पहिल्या भागाचे कारण मात्र चित्रपटातच आहे.

राय यांना १९९२ साली मानद ऑस्कर मिळाला. त्यानंतर अपू या नायकावरच्या तिन्ही चित्रपटांची (‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’ आणि ‘अपूर संसार’) मूळ निगेटिव्ह लंडनच्या एका फिल्म लॅबमध्ये असताना १९९३ साली तिथे आग लागली आणि ती होरपळली. जळक्या, आक्रसलेल्या, एकमेकांना चिकटलेल्या या रिळांवर तेव्हा काहीच करणे शक्य नव्हते, तरीही ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या संग्रहालयाने ती फेकून न देता जपून ठेवली. पुढे जुने चित्रपट डिस्कवर आणणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने हे काम हाती घेतले आणि इटलीतील बोलोन्या शहरातल्या तंत्रज्ञांनी त्या कडक झालेल्या फितीला पुन्हा ओलावा देऊन ती मऊ केली, फितीच्या कडेची तुटलेली भोके हाताने नव्याने बसवली आणि मगच ती ४के स्कॅनरवर चढवली. केवळ हाताच्या कामाला सुमारे हजार तास लागले. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग या मूळ निगेटिव्हवरून परत मिळवता आला. २०१५ साली निघालेला तिन्ही चित्रपटांचा ब्लू-रे संच याच कामातून आला आणि त्याची ४के आवृत्ती नंतर निघाली.

येथे एक गोष्ट जाहिरातीच्या मजकुरात सहसा ठळकपणे सांगितली जात नाही. ‘अपूर संसार’ची जी दोन रिळे आगीतून वाचली, ती वापरण्याच्या पलीकडे गेलेली होती. त्यामुळे हा तिसरा चित्रपट सगळाच्या सगळा फाइन-ग्रेन मास्टर आणि ड्यूप निगेटिव्हवरून, म्हणजे मूळ निगेटिव्हनंतरच्या पिढीतल्या प्रतींवरून, तयार केलेला आहे. नेमका हाच चित्रपट पाहण्यासाठी आपण पैसे खर्च करणार असाल, तर पहिल्या दोन चित्रपटांतल्या सर्वोत्तम दृश्यांइतकी धार इथे सर्वत्र सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका. मला स्वतःला त्याची खंत वाटत नाही, कारण या चित्रपटाला धारेपेक्षा काळ्या रंगाच्या छटांची गरज जास्त आहे आणि त्या इथे भरपूर परत आलेल्या आहेत.

हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या कलकत्त्यातला, घरभाडे थकलेल्या आणि कादंबरी लिहू पाहणाऱ्या अपूचा चित्रपट आहे. लग्न अंगावर येऊन पडते आणि मग तो हळूहळू बायकोच्या प्रेमात पडत जातो. सौमित्र चटर्जी आणि शर्मिला टागोर या दोघांचाही हा पहिलाच चित्रपट. त्या वेळी शर्मिला जेमतेम तेरा-चौदा वर्षांच्या होत्या. सुब्रत मित्र यांनी केलेल्या छायाचित्रणात या प्रेमाचा बराचसा भाग अंधुक उजेडात घडतो: गच्चीवरची रेल्वेच्या धुराने काळवंडलेली खोली, पहिल्या रात्री फुलांनी सजवलेला पलंग, आणि घोडागाडीतून परतताना अपर्णाने, म्हणजे त्याच्या बायकोने, अपूच्या सिगारेटसाठी ओढलेली काडी. त्या काडीच्या उजेडात तिचा चेहरा उजळतो आणि अपू तिच्याकडे पाहत राहतो. जुन्या प्रतींत या ठिकाणी काळ्या चिखलात एक पांढरा डाग तेवढा दिसे आणि प्रेक्षकाला संवादावर विसंबावे लागे. दुरुस्त प्रतीत काडी विझत जाताना गाल, मग डोळे, मग गाडीची भिंत अशा क्रमाने अंधार परततो, म्हणून अपू काय पाहत होता हे आपल्यालाही दिसते. एकाने जेवताना दुसऱ्याने पंखा घालण्याच्या दृश्यात दोघांच्या चेहऱ्यांवरचे भाव मला इतके सूक्ष्म असतील असे पूर्वी वाटले नव्हते.

लग्नाच्या प्रसंगाविषयीही थोडे लिहितो. मित्राच्या मामेबहिणीच्या लग्नाला गेलेल्या अपूलाच बोहल्यावर उभे राहावे लागते, कारण आलेला नवरदेव वेडा निघतो आणि मुहूर्त टळला तर मुलगी जन्मभर बिनलग्नाची राहील अशी समजूत असते. परदेशी समीक्षकांना हे पुष्कळ समजावून सांगावे लागते. हळद लागलेली पोर मांडवातून तशीच माघारी फिरली तर घरावर काय कोसळते, हे आपल्याकडच्या गावांत वेगळे सांगावे लागत नाही, आणि म्हणून त्या प्रसंगातली अपूची घुसमट मराठवाड्यातला प्रेक्षक अधिक लवकर ओळखेल असे मला वाटते.

आता तांत्रिक भाग. ब्लू-रेसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत. अमेरिकी ब्लू-रे ‘ए’ विभागाची असते आणि भारत ‘सी’ विभागात येतो, त्यामुळे इथे विकत घेतलेला प्लेअर ती डिस्क वाचण्यास सरळ नकार देतो. ४के डिस्कना असे विभाग नाहीत. ४के प्लेअरवर किंवा डिस्कचा कप्पा असलेल्या प्लेस्टेशन ५ वर ती चालते. मात्र त्याच संचातल्या साध्या ब्लू-रे डिस्क, म्हणजे मुलाखती आणि इतर पूरक साहित्य, तिथेही अडतील. डाकखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशेब करावा. तीन चित्रपटांचा संच असल्याने तो अगदीच अंगावर येत नाही. संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ महोत्सव सोडला तर जुने चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहण्याची सोय आपल्या भागात फारशी नाही, हेही त्या हिशेबात धरा.

उपशीर्षके फक्त इंग्रजीत आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत बसवणार असाल तर कोणीतरी शेजारी बसून सांगावे लागेल. टीव्हीवरील हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा आणि चित्र ताणून पडदा भरू नका. ते जवळपास चौरसच आहे आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणारच. चित्रावर बारीक दाणे हलताना दिसतील, तो दोष नसून फिल्मचा पोत आहे, म्हणून टीव्हीची ‘नॉइज रिडक्शन’ही बंद ठेवावी, नाहीतर चेहरे मेणाचे दिसू लागतात.