डब्यात 'चांगले जंतू' आहेत, मग पाणी कोमट चालेल का?

प्रश्न : डॉक्टर, माझं बाळ दीड महिन्याचं आहे, अंगावरचं कमी पडतं म्हणून वरचं चालू केलंय. मेडिकलवाल्याने प्रोबायोटिकवाला पावडरचा डबा दिला, म्हणाला याने जुलाब-बिलाब होत नाहीत. डब्यावर कोमट पाण्यात कालवा असं लिहिलंय, बहीण म्हणते चांगलं गरम पाणी हवं, आणि सासूबाई रोज मधाचं बोट चाटव म्हणतात. ऐकू कुणाचं?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : बहिणीचं. पावडर निर्जंतुक नसते हो, आणि हे डब्यावर मोठ्या अक्षरात कुणी छापत नाही. क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू कोरड्या पावडरीत महिनोन्महिने तग धरतो, आजार तसा क्वचितच होतो पण दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला झाला तर थेट रक्तात, मेंदूच्या आवरणात जातो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते पाणी निदान ७० अंश हवं. म्हणजे खळखळून उकळा, गॅस बंद केल्यावर अर्ध्या तासाच्या आत पावडर घाला, मग भांडं गार पाण्यात धरून निववा, मनगटावर थेंब टाकून बघा आणि लगेच पाजा, उष्टं उरलं तर ओतून द्या, परत गरम करून देऊ नका.

आता गोची अशी की एवढ्या गरम पाण्यात डब्यातले चांगले जंतूही मरतात. मरू देत! या वयात मी गरम पाणीच निवडेन.

तरी प्रोबायोटिक म्हणजे नुसतं थोतांड असं नाही बरं का. ओडिशातल्या खेड्यांमध्ये साडेचार हजारांवर नवजात बाळांवर चाचणी झाली, २०१७ साली 'नेचर'मध्ये आली. लॅक्टोबॅसिलस प्लांटारम या चांगल्या जंतूचा एक ठरावीक स्ट्रेन, म्हणजे पोटजात, सोबत त्याचं खाद्य म्हणून एक साखर, फक्त ७ दिवस. पहिल्या दोन महिन्यांत सेप्सिस (जंतुसंसर्ग अंगभर भिनणं) किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं. पण ती बाळं आईच्या दुधावरची होती आणि स्ट्रेन तोच होता, तुमच्या डब्यातला नव्हे. आणि बाळ दिवस भरायच्या आधी झालेलं असेल तर मनाने प्रोबायोटिकचे थेंब अजिबात देऊ नका, अमेरिकेत अशा एका बाळाचा मृत्यू झाल्यावर २०२३ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे सरकारी औषध-नियंत्रण खात्याने, डॉक्टरांना सावध केलं होतं.

अंगावरचं थोडं येत असलं तरी आधी तेच पाजा, वरचं नंतर. आईच्या दुधात अशा साखरा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत, त्या बिफिडोबॅक्टेरिया नावाच्या चांगल्या जंतूंसाठी असतात, ते त्यावर वाढतात, आम्ल सोडतात, आणि त्या आंबट आतड्यात बाहेरून आलेल्या जंतूंना बस्तान बसवणं अवघड जातं.

मध मात्र वर्षाच्या आत बोटभरही नको. त्यात बोट्युलिझम या अंग लुळं पाडणाऱ्या आजाराच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, आपल्या पोटातले जंतू त्यांना रुजू देत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात ती फौज अजून तयार नसते, मग बीजाणू तिथे रुजून विष बनवतात. बद्धकोष्ठ, रडणं क्षीण, ओढायला जोर नाही, मान एकदम लुळी, असं दिसलं तर तडक हॉस्पिटल. सासूबाईंना सांगा, डॉक्टरांनी मना केलंय, माझं नाव खुशाल घ्या.

आणि बाटलीपेक्षा बोंडलं बरं. निपलच्या आतल्या कडेला दुधाचा जो चिकट थर बसतो तो ब्रशनेही नीट निघत नाही, बोंडलं कसं, घासून उकळलं की झालं.